डब्यावर लिहिलं होतं ‘वाढ’

मुलांनो, एक अंगण डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू नका हं, मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? अंगण फार मोठं नको. दोन घरांच्या मागच्या बाजूला असतं तेवढं. मधलं कुंपण कधीच काढून टाकलेलं. एका कोपऱ्यात कपड्यांची दोरी, दुसऱ्या कोपऱ्यात जुन्या कपाटाची दारं ठोकून केलेलं खुराडं. खुराड्यावर पत्रा, आणि पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड.

आता त्या अंगणात दोन मोठ्या कोंबड्या सोडा. एक तपकिरी, भारदस्त, कुणाच्या बापाला न भिणारी. ती थोरली. दुसरी राखाडी, सतत पहिलीच्या मागे मागे. ती धाकटी. आणि त्यांच्या पायांत घोटाळणाऱ्या पाच तलंगा.

तलंग हा शब्द तुमच्यापैकी काहींनी ऐकला नसेल. कोंबडीचं पिल्लू कापसाचा गोळा राहिलेलं नसतं, आणि अंडं द्यायच्या वयाचंही झालेलं नसतं, तेव्हा त्याला तलंग म्हणतात. मान लांब, पाय त्याहून लांब, पिसं कुठे आहेत तर कुठे नाहीत. घरात कुणी तेरा-चौदा वर्षांची ताई असेल तर तुम्हाला लगेच अंदाज येईल. ताईला मात्र सांगू नका.

राहिली एक मुलगी. तिलाही उभी करा. म्हणजे ती उभी राहील तितका वेळ. तिला सगळे भिंगरी म्हणत, ते उगीच नाही.

ही पाखरं भिंगरीची नव्हती. शेजारच्या मावशींची होती. मावशींनी जन्मभर घरोघर टपाल वाटलं होतं आणि आता त्या घरीच असत. शाळा सुटली की भिंगरी दप्तर फेकून थेट त्यांच्याकडे. तिला सायकल मावशींनी शिकवली, गाठी मारायला मावशींनी शिकवलं, आणि अंडी उबवायला खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी कशी ठेवायची तेही मावशींनीच. या पाच तलंगा अंडं फोडून बाहेर आल्या तेव्हा दोघी खुराड्यासमोर पालथ्या पडून बघत होत्या.

पण चालून चालून मावशींचा खुबा पार झिजला होता. ऑपरेशन करून नवा बसवायचा ठरला. दारात टॅक्सी आली, मावशी आत बसल्या, आणि काच खाली करून त्यांनी भिंगरीचा हात धरला.

“खुराड्याशेजारी दोन डबे आहेत. तलंगांना वाढीचं वाढ, थोरली-धाकटीला अंड्यांचं. मिसळू नकोस गं बाई.”

“नाही मिसळणार.”

“परत येईन तेव्हा सातही जणी मला धडधाकट दिसल्या पाहिजेत. तिथे पडल्या पडल्या मला दुसरं काय आहे आठवायला?”

“सातही दिसतील,” भिंगरी म्हणाली. “शप्पथ.”

टॅक्सी गेली, आणि ती शप्पथ भिंगरीच्या गळ्यात राहिली.

ती कामाला लागली. दोन्ही डबे पत्र्याचे, सारखेच. आतलं खाद्यही दिसायला सारखंच, जाडसर भरडलेल्या दाण्यांसारखं. म्हणून तिने खडू घेतला आणि एका डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘वाढ’. म्हणजे वाढीचं खाद्य, तलंगांचं. दुसऱ्यावर लिहिलं, ‘अंडी’. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं. लिहून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन तिने ते वाचलं. चुकायला जागाच नव्हती.

सकाळी शाळा लवकर असे, तेव्हा दाणे घालायचं काम बाबांकडे. भिंगरीचे बाबा चष्म्यांच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत. मन लावून काम करणारा माणूस. ते रोज सकाळी दाढी करण्याआधी अंगणात जात, दाणे घालत, आणि “जेवून घ्या गं पोरींनो” म्हणून परत येत. संध्याकाळी भिंगरी खुराड्याशी येई तेव्हा सगळ्यांची पोटं टम्म असत. बाबा भरपूर घालत ना! ती पाणी बदलायची, आतला भुसा हलवायची, अंडी काढायची, दार लावायची.

एका संध्याकाळी तिने धाकटीचं अंडं उचललं, आणि बोटं सरळ आत गेली.

कवच होतं, पण नावाला. भिंगरी ओघळणारं अंडं तसंच ओंजळीत धरून घरात धावली. आत्या शिलाई मशीनवर बसली होती. ती बाबांची थोरली बहीण, यांच्याच घरी राहायची आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवायची.

“हे अंडं आहे की फुगा?” आत्याने चष्म्यावरून पाहिलं. “आणि माझ्या शिवणावर सांडू नकोस. पडदे आहेत लोकांचे.”

“आत्या, असं का झालं? मी तर बरोबर लिहिलंय डब्यांवर!”

तेवढ्यात बाबा आले. भिंगरीने विचारलं, “बाबा, सकाळी तू कुणाला काय घालतोस?”

“जे लिहिलंय ते.”

“म्हणजे काय?”

“एका डब्यावर लिहिलंय ‘वाढ’. म्हणून त्यातलं वाढतो. सगळ्यांना.”

भिंगरीने डोळे विस्फारले. “बाबा! वाढ म्हणजे वाढायचं नाही! वाढ म्हणजे वाढ! मोठं होणं!”

“अगं, मग तसं लिहायचं ना! मला वाटलं तू हुकूम सोडलायस. मी मनात म्हटलं, पोरगी मावशींसारखी कडक झाली.”

“आणि दुसऱ्या डब्यावरचं ‘अंडी’?”

“ती ठेवायचा डबा असेल म्हणून मी उघडलाच नाही.”

आत्याने मशीन थांबवलं आणि ती पोट धरून हसली. “अख्ख्या गावाला हा चष्मे लावतो, आणि स्वतःला दोन अक्षरं वाचता येईनात!”

“वाचली ना! दोन्ही वाचली,” बाबा म्हणाले. “अर्थ तेवढा चुकला.”

हसून झालं, पण भिंगरीचं तोंड उतरलेलंच होतं. थोरली-धाकटीला अंडी देण्यापुरतं बळ मिळालं नव्हतं, हे तिला कळत होतं. बाबांनाही वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ते खाद्याच्या दुकानात शिरले. दुकानदारकाकांनी विचारलं, “कोंबड्या अंडी देतात?” बाबा म्हणाले, “देतात, पण कवच पातळ.” काकांनी अंड्यांच्या खाद्याचं पोतं खांद्यावर दिलं. तलंगांचं नाव बाबांनी काढलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. घरी येऊन बाबांनी ‘वाढ’ डब्यातलं उरलंसुरलं एका पिशवीत काढून ठेवलं, आणि दोन्ही डबे नव्या पोत्यातल्या खाद्याने गच्च भरले.

“झालं,” हात झटकत ते म्हणाले. “आता कुठलाही डबा उघडा, चूक व्हायची सोयच नाही.”

भिंगरीला क्षणभर मावशींचं ‘मिसळू नकोस’ आठवलं. पण इथे मिसळलं कुठे होतं? सगळं एकच तर होतं. आणि हे खाद्य जास्त ताकदीचं असेल, तर तलंगांनाही मिळू दे की. लवकर दणकट होतील, मावशी आल्या की खूश होतील. मुलांनो, तिचं चुकलं असं तुम्ही लगेच म्हणू नका. ज्याच्यावर आपला जीव असतो त्याला आपण नेहमीच जास्त वाढायला जातो.

थोड्याच दिवसांत थोरली-धाकटीची अंडी घट्ट झाली. भिंगरीने एक अंडं पायरीवर टकटक वाजवूनसुद्धा पाहिलं. पण पाण्याचं भांडं आता दुपारीच रिकामं होऊ लागलं. खुराड्यातला भुसा ओला राहू लागला. आणि काजळी, म्हणजे जिच्या डोळ्यांभोवती काळी रेघ होती ती तलंग, बाकीच्या जणी किड्यांमागे धावत असताना एकटीच पिसं फुगवून बसू लागली. उठायची ती फक्त पाणी प्यायला.

त्याच संध्याकाळी मावशींचा फोन आला. आवाज बारीक होता, पण हसरा.

“नवा खुबा बसला गं. आता चालायला शिकवतायत, लहान बाळासारखं. आमच्या पोरी कशा आहेत?”

भिंगरी खिडकीतून काजळीकडे बघत होती. “मजेत आहेत,” ती म्हणाली.

फोन ठेवला. ती आत्याच्या मशीनशेजारी जाऊन नुसतीच उभी राहिली. एका जागी. आत्याने शिवण बाजूला सारलं.

“भिंगरी थांबली म्हणजे काहीतरी मोठंच बिघडलंय. बोल.”

“काजळी बरी नाहीये. आणि मी मावशींना मजेत म्हणून सांगितलं.”

“मावशींना खरं सांगायला अजून वेळ आहे. काजळीला आहे की नाही ते बघू आधी. टोपली आण.”

आत्याने लोकांचे पडदे तसेच सोडले, पायात चप्पल सरकवली, आणि दोघी टोपली घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. दवाखान्यात एक मांजर, दोन कुत्री, आणि आता टोपलीतून मान काढून सगळ्यांना निरखणारी काजळी.

डॉक्टरीणबाईंनी काजळीचे पाय चाचपले, गळ्याखालची दाण्यांची पिशवी दाबून पाहिली, शेपटीखालची ओली पिसं पाहिली. “खायला काय घालता?”

भिंगरीने सगळं सांगितलं. खडूपासून पोत्यापर्यंत. ‘वाढ’ची गोष्ट ऐकून त्यांना हसू आवरेना, पण पुढचं ऐकलं तशा त्या गंभीर झाल्या.

“हे बघ, अंड्याचं कवच कशाचं होतं? कॅल्शियमचं. खडूसारखंच असतं ते. अंडी देणारी कोंबडी रोज आपल्या पोटात एक घर बांधत असते असं समज. म्हणून तिच्या खाद्यात ते भरपूर घातलेलं असतं. आता तुझ्या दप्तरात कुणी रोज विटा भरल्या, आणि तुला तर घर बांधायचंच नाही, तर?”

“तर मला नुसत्या वाहाव्या लागतील.”

“काजळीचं तेच झालंय. ती विटा वाहतेय. तिच्या मूत्रपिंडांना ते सगळं बाहेर काढायचंय, म्हणून ती पाणी पितेय, पितेय, आणि थकतेय. असंच चालू राहिलं असतं तर मूत्रपिंडं कायमची बिघडली असती. तलंगांना वाढीचंच खाद्य हवं. हाडं-मांस हळूहळू भरण्यापुरतं. पहिलं अंडं देईपर्यंत.”

“ती बरी होईल?” भिंगरीने विचारलं.

“तू लवकर आणलीस. बाकीच्या चौघी तर नक्की सावरतील. हिचं मी आज सांगू शकत नाही. खाद्य बदल, स्वच्छ पाणी ठेव, आणि वाट बघ.”

घराच्या दारात आल्यावर आत्याने भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला.

वाढीचं खाद्य त्याच संध्याकाळी आलं. पण आता दोन तऱ्हा झाल्या ना! थोरली-धाकटीला एक, तलंगांना दुसरं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाबांनी अंगणाच्या मधोमध जाळी लावली. इकडे मोठ्या, तिकडे तलंगा. बाबा वळले नाहीत तोच तलंगा जाळीखालून पलीकडे. त्यांना हाकलून आणेपर्यंत थोरली जाळीवरून उडून तलंगांच्या दाणीत, म्हणजे दाण्यांच्या लांब भांड्यात, दोन्ही पाय रोवून उभी. बाबांनी छत्री उघडून आडवी धरली. धाकटी छत्रीत जाऊन बसली.

“ताई, जरा ये ना गं!” बाबांनी हाक मारली.

“मी कशाला? एका घरात दोन स्वयंपाक होत नाहीत, हे तुझी बायको तुला रोज सांगते,” आत्या खिडकीतून म्हणाली.

बायको, म्हणजे भिंगरीची आई, एका कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाक करायची. दिवसभर मोठमोठी पातेली हलवून घरी यायची, आणि घरी एकच पातेलं चढवायची. त्या रात्री सगळे जेवायला बसले. बाबांच्या हातावर चोचीचे व्रण होते. आईने भाजी वाढली. बाबांनी नेहमीप्रमाणे मिठाची वाटी ओढून घेतली. आत्याला रक्तदाबामुळे मीठ कमी खावं लागे, ती तशीच जेवू लागली.

भिंगरीचा घास हातातच राहिला. ती मिठाच्या वाटीकडे बघत होती.

“आई, तू आत्यासाठी वेगळी भाजी का नाही करत?”

“कशाला? मीठ बेताचं घातलं की सगळ्यांना चालतं. ज्याला जास्त हवं त्याने वरून घ्यावं. पातेल्यात पडलेलं मीठ मला काढता येतं का?”

“आई!” भिंगरी उठून उभीच राहिली. “वाढीचं खाद्य म्हणजे कमी मिठाची भाजी!”

“काय झालं हिला?” आईने बाबांना विचारलं.

“मला नको विचारूस,” बाबा म्हणाले. “मी सध्या अर्थ लावणं बंद केलंय.”

सकाळ होताच भिंगरीने आत्याला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितलं. सगळ्यांना वाढीचं खाद्य घातलं, आणि कॅल्शियम वेगळ्या वाटीत ठेवलं, तर? पलीकडून लगेच उत्तर आलं.

“तर उत्तम! शिंपल्यांचा चुरा मिळतो खाद्याच्या दुकानात. तो ठेव. जिला कवच बांधायचंय ती आपणहून खाईल.”

“आणि तलंगांनी खाल्ला तर?”

“एखादा तुकडा चाखतील आणि सोडून देतील. मीठ खाऊन कुणी पोट भरतं का? पण हे मी सांगायला हवं होतं गं. तुला कुणी सुचवलं?”

“आईच्या भाजीने,” भिंगरी म्हणाली.

जाळी निघाली. दाणी एकच झाली, सगळ्यांची. बाजूला, खुराड्याच्या भिंतीला टेकवून, एका मातीच्या वाटीत शिंपल्यांचा चुरा. थोरली आली, तिने मान वाकडी करून वाटीत पाहिलं, आणि कटक कटक खाऊ लागली, जणू इतके दिवस ती याचीच वाट बघत होती. एक तलंग पुढे आली, एक तुकडा उचलला, टाकला, चोच जमिनीवर घासली, आणि किड्यांकडे निघून गेली.

काजळी मात्र पाण्यापाशीच होती. भिंगरी रोज शाळेतून आली की दप्तर न फेकता नीट ठेवायची आणि आधी तिच्यापाशी बसायची. एकदा भुसा थोडा कोरडा वाटला. एकदा काजळी दाणीपर्यंत गेली, दोन दाणे खाऊन परत बसली. आत्या म्हणाली, दोन दाणे म्हणजे कालच्यापेक्षा दोन जास्त. आणि मग एका दुपारी भिंगरी अंगणात आली तर काजळी जागेवर नव्हती. भिंगरी शोधू लागली. खुराड्यात नाही, दोरीखाली नाही. तेवढ्यात पत्र्यावर खडखड झाली. काजळी वर होती. एका लांबलचक किड्याचं एक टोक तिच्या चोचीत, दुसरं थोरलीच्या, आणि थोरली ते सोडत नव्हती, आणि काजळीही सोडत नव्हती.

भिंगरी खालीच बसली. थोडं रडली, थोडं हसली. मग घरात जाऊन तिने आत्याला मिठी मारली, संध्याकाळी बाबांना मारली, आई खानावळीतून आल्यावर आईला मारली. आई म्हणाली, “अगं, हात तरी धुऊ दे.” बाबांनी तर जेवताना मिठाची वाटी आपल्या डोक्याला लावली.

आणि मावशी आल्या. टॅक्सीतून उतरल्या, चालायच्या चौकटीला धरून, एकेक पाऊल टाकत सरळ मागच्या अंगणात. घरात नाहीच गेल्या. बाबांनी खुर्ची आणली, ती त्यांनी हातानेच नको म्हटली. आधी मोजलं.

“सात,” त्या म्हणाल्या. “सातही.”

“मावशी, मी तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं होतं,” भिंगरीने एका दमात सुरुवात केली. “काजळी मजेत नव्हती. आधी बाबांनी सगळ्यांना वाढीचं घातलं, मग सगळ्यांना अंड्यांचं, आणि मला वाटलं बरंच आहे, आणि मग तिला—”

मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘वाढ’पाशी त्या इतक्या हसल्या की चौकट हलायला लागली आणि बाबांनी धावत येऊन ती धरली.

“एका अक्षराने चुकून पत्र भलत्याच घरी गेलेलं मी पाहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण अक्षरन् अक्षर बरोबर, आणि तरी भलत्या घरी! हे पहिल्यांदाच. ये इकडे.”

भिंगरी जवळ गेली.

“मी इतकी वर्षं कोंबड्यांना आणि तलंगांना दोनदा वेगवेगळं घालायची. हातात काठी घेऊन मध्ये उभी राहायची, पाय मोडेस्तोवर. वाटीचं मला कधी सुचलं नाही. तुझे उपकार झाले गं माझ्यावर.”

“नाही,” भिंगरी म्हणाली, “तुमचे माझ्यावर.”

“बरं, आज मी घालते त्यांना,” मावशी म्हणाल्या. बाबांनी खाद्याने भरलेलं भांडं त्यांच्या हातात दिलं. कोंबड्या भोवती गोळा झाल्या. मावशींनी भांडं पुढे केलं, आणि थांबल्या. दाणी खाली जमिनीवर होती. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि नवा खुबाही वाकू देत नव्हता. इतक्या उंचावरून टाकलं तर सगळं मातीत सांडणार. मावशी भांडं धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचं हसू किंचित ओसरलं. बाबा पुढे व्हायला निघाले, तेव्हा आत्याने त्यांची बाही ओढली.

भिंगरी खाली बसली, जमिनीवरची लांब दाणी दोन्ही तळहातांवर घेतली, आणि मावशींच्या हाताला लागेल इतकी वर उचलून, अजिबात न हलता उभी राहिली.